जाहीर आभाराचं डिजिटल

नागूबाईची पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती. तिच्यात बाळाची कुंची होती, हातानं शिवलेली दुपटी होती, डिंकाचे लाडू होते आणि जावयाला आवडते म्हणून शेंगाचटणीही होती. पिशवी जायला तयार होती. नागूबाईही जायला तयार होती. पण घराचा उंबरा संपला की लगेच चारी सुरू होत होती, आणि लेकीचं माळशिरस चारीच्या पलीकडे होतं.

चारी म्हणजे साधीसुधी नव्हे. ड्रेनेजची लाइन टाकायची म्हणून ठेकेदाराच्या जेसीबीनं उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचबन नगरची ही गल्ली एका अंगानं उभी चिरून ठेवली होती. माणूस आत उतरला तर त्याची टोपीसुद्धा दिसू नये एवढी खोल. पाइप आणून कडेला रचले आणि ठेकेदार जो गेला तो गेलाच. त्या अंगाच्या बाकीच्या घरांना मागच्या गल्लीत दारं होती. त्यांनी पुढची दारं लावून घेतली आणि चारीचा विषय आपल्यापुरता संपवला. तळभंडाऱ्यांच्या घरामागं मात्र बंद पडलेल्या सूतगिरणीची भिंत होती. भिंतीतून जायला भूत व्हावं लागतं, आणि नागूबाई अजून चांगली धडधाकट होती, एक गुडघा सोडला तर.

धोंडिराम तळभंडारे एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. उभ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही. भीमेचं पाणी पुलाला लागलेलं असताना गाडी परत वळवून आणणारा माणूस. असल्या माणसाला स्वतःच्या बायकोला दारातून रस्त्यावर नेता येईना. तो स्वतः चारीवर टाकलेल्या एका फळीवरून तोल सांभाळत ये-जा करी. पण नागूबाईच्या गुडघ्याची वाटी बदललेली. दवाखान्यातून ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. डॉक्टरांनी बजावलेलं, "मावशी, चाला, पण सपाटीला चाला." एकदा दोन हमाल बोलावून तिला खुर्चीसकट फळीवरून न्यायचा घाट धोंडिरामनं घातला. मधोमध फळी वाकली, पुढचा हमाल थांबला आणि मागच्याला शिंक आली. कशीबशी खुर्ची परत दारात टेकल्यावर नागूबाईनं जाहीर केलं, "ह्या घरातनं मी जाईन तर माझ्या पायानं जाईन. न्हायतर चौघांच्या खांद्यावरनं. दोघांच्या न्हाय."

मग धोंडिरामनं पदरमोड करून डबर आणलं आणि दारापुरती चारी बुजवली. ठेकेदाराचा माणूस एवढे दिवस फोन उचलत नव्हता, तो तिसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाला. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून दम भरला, मजूर लावून डबर काढलं आणि चारी पुन्हा होती तशी स्वच्छ करून दिली. ठेकेदारानं चिंचबन नगरात मन लावून केलेलं काम तेवढंच.

तक्रार कुणाकडं करायची हाही प्रश्नच होता. निवडणूक लांबलेली, त्यामुळे वॉर्डात चालू नगरसेवक असा कुणी नव्हताच. एक माजी होता आणि एक भावी होता. माजी म्हणजे रावजी अण्णा. ते म्हणाले, "धोंडिराम, मी आता माजी हाय. माजी माणसाचं साहेब लोक ऐकत्यात व्हय?" भावी म्हणजे पृथ्वीराज भैय्या. ते म्हणाले, "काका, मला एकदा भावीचा चालू होऊ द्या, मग बघा." म्हणजे एकाची वेळ निघून गेली होती आणि दुसऱ्याची यायची होती. मधल्या काळात चारी होती. वॉर्ड ऑफिसातले इंजिनिअर साहेब म्हणत, "प्रोसेसमध्ये आहे काका." धोंडिरामला वाटायचं, प्रोसेस म्हणजे कुठलं तरी लांबचं गाव असावं आणि तिथून येणारी गाडी वाटेत फेल झाली असावी.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण लेक धम्मप्रिया पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर पोटुशी लेक फळीवरून कशी आणायची? म्हणून ते माळशिरसला सासरीच झालं. मुलगा झाला. नागूबाईनं नातू बघितला तो मोबाइलमध्ये, तोही रेंज गेली की तोंड उघडं ठेवून थिजणारा. आणि आता येत्या रविवारी दुपारी बाळाचं नामकरण होतं.

"आई, तू येतीस का न्हाय?" धम्मप्रियानं फोनवर विचारलं. "सासूबाई म्हनत्यात, आजोळचं कुणी आल्याबगर नाव ठेवायचं तरी कसं?"

"येती की," नागूबाई म्हणाली. फोन ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि पिशवी भरायला घेतली. बायकोनं भांडण काढलं असतं तर धोंडिराम फळीवरून निघून तरी गेला असता.

त्या दिवशी तो सरळ बिरुदेवच्या दुकानात जाऊन बसला. फ्लेक्सच्या बोर्डाला सोलापुरात डिजिटल म्हणतात, आणि अर्ध्या शहराची डिजिटलं बिरुदेव छापायचा. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघायचं. पुढाऱ्यांना त्यांचे घरचे ओळखत नसतील एवढं बिरुदेव ओळखायचा. कुणाच्या गालावरचा डाग काढायचा आणि कुणाच्या डोक्यावर केस घालायचे हे त्याला तोंडपाठ होतं.

धोंडिरामनं गाऱ्हाणं सांगितलं. बिरुदेवनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मामा, तुमचं चुकलं कुटं सांगू का? तुमी तक्रार करताय."

"मग काय आरती करू?"

"आभार माना की. तक्रार केली की मानूस चिडतो. आभार मानले की लाजतो. चारीच्या कडेला डिजिटल लावायचं, चारीचं काम पूर्ण केल्याबद्दल जाहीर आभार. अन्नांचा फोटो टाकायचा. सगळा वॉर्ड बघनार, आन समोर चारी उघडी. अन्नाला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? रातोरात येऊन बुजवतील."

"न झालेल्या कामाचे आभार मानायचे?"

"झालेल्या कामाचे कोन मानतंय मामा?" बिरुदेव म्हणाला, आणि हे मात्र धोंडिरामला पटलं.

खरं सांगायचं तर त्याला काहीही पटलं असतं. रविवार तोंडावर आला होता. अण्णांचा हात जोडलेला फोटो बिरुदेवकडे तयारच होता. खाली आभार मानणाऱ्याचा फोटो पाहिजे म्हणून धोंडिरामनं मोबाइलमधला रिटायरमेंटचा फोटो दिला. एसटी डेपोत काढलेला, गळ्यात झेंडूचा हार, चेहऱ्यावर सुटलो एकदाचं असं हसू.

बिरुदेवनं फोटो मोठा करून बघितला. "फोटो झकास हाय. पर हार काढतो. आभारात हार बरा दिसत न्हाय, लोकांना येगळंच वाटतं." त्यानं माउस फिरवून हार पुसला आणि धोंडिरामच्या गळ्याला रिकामा शर्ट दिला. "आता हा फोटो आपल्याकडं कायमचा ऱ्हायला मामा. परत लागला तर नुसता फोन टाका."

दुसऱ्या दिवशी चारीच्या पलीकडच्या कडेला बांबू रोवून डिजिटल उभं राहिलं. *चिंचबन नगरचा ड्रेनेजचा प्रश्न कायमचा मार्गी लावल्याबद्दल लोकप्रिय, कार्यसम्राट माजी नगरसेवक मा. रावजी अण्णा यांचे जाहीर आभार. शुभेच्छुक: धोंडिराम तळभंडारे व समस्त रहिवासी.* डिजिटल एवढं मोठं झालं की चारी तर झाकलीच, तळभंडाऱ्यांचं घरही झाकलं. नागूबाई दारात खुर्ची टाकून बसायची, तिला आता अण्णांची पांढरी पाठ दिसू लागली.

"आदी खड्डा तरी दिसत हुता," ती म्हणाली. "तेवढंच मन रमत हुतं."

समोरच्या घरातली ईरम्मा चारीपलीकडून दोरीनं भाजीची पिशवी धाडायची. तिनं डिजिटलच्या बाजूनं डोकं घालून विचारलं, "धोंडण्णा, अण्णानं काय केलं ओ? मी गावाला गेली होती तेव्हा झालं का?"

"होनार हाय," धोंडिराम म्हणाला.

दुपारी अण्णा आले. धोंडिराम दाराच्या फटीतून बघत होता. आता लाजतील, मग लाजतील. अण्णांनी डिजिटलकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मुदत संपल्यापासून कुणी त्यांचं डिजिटल स्वतःहून लावलेलं नव्हतं. ते डिजिटलसमोर उभे राहिले, चारीकडं पाठ केली आणि कार्यकर्त्यांनी फोटो काढले. फोटोत अण्णा होते, डिजिटल होतं, धोंडिरामचं हसू होतं. चारी कुठंच नव्हती. ती अण्णांच्या मागच्या अण्णांच्या मागं होती. फोटो मोबाइलवर गेला आणि संध्याकाळपर्यंत वॉर्डभर फिरला.

"अन्ना, ते चारीचं जरा," धोंडिराम फळीवरून येत म्हणाला.

"बोलायचं न्हाय धोंडिराम," अण्णांनी त्याला छातीशी धरलं. "तू बोललास ते डिजिटलवर बोललास. जन्मभर इसरनार न्हाय."

फोटो भैय्यांनीही बघितला. सकाळी भैय्यांचा कार्यकर्ता बुलेट घेऊन आला आणि चारीच्या पलीकडूनच बोलला. "काय काका, पाठपुरावा भैय्यांनी करायचा आन आभार माजीचे? भैय्यांच्या मनाला लई लागलंय."

"अहो पर काम कुटं झालंय?"

"तेच म्हनतोय मी. काम भैय्यांच्या पाठपुराव्यानं झालं." आणि धोंडिरामला काही सुचायच्या आत पहिल्या डिजिटलशेजारी दुसरं डिजिटल उभं राहिलं, पहिल्याहून हातभर उंच. भावी नगरसेवक पृथ्वीराज भैय्या यांचे जाहीर आभार. खाली धोंडिरामचा तोच फोटो, तेच हसू. बिरुदेवला त्यासाठी फोनसुद्धा करावा लागला नव्हता. दोन डिजिटलांनी घराचा वारा बंद झाला. सोलापूरचं ऊन, त्यात वारा नाही. घरात बसलं की भट्टीतल्या शेंगेसारखं व्हायला लागलं. नागूबाई दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घालत बसून होती.

तरी धोंडिरामनं आशा सोडली नाही. एका कामाचं श्रेय दोघांना पाहिजे, म्हणजे दोघांपैकी एक जण तरी ते काम करील, असा त्याचा हिशोब. पक्कं करून घ्यावं म्हणून तो वॉर्ड ऑफिसात गेला. इंजिनिअर साहेब कधी नव्हे ते उठून उभे राहिले.

"या काका, या. अभिनंदन."

"कशाचं साहेब?"

साहेबांनी मोबाइल पुढं केला. त्यावर दोन्ही डिजिटलं शेजारी शेजारी उभी होती. "तुमची तक्रार बंद केली. काम झाल्याचा पुरावा म्हणून फोटो जोडावा लागतो, तो आयताच मिळाला. नागरिक स्वतः आभार मानतोय, तेही दोनदा. असा पुरावा आमच्याकडे कधीच येत नाही."

"साहेब, चारी उघडी हाय. चला दाखवतो. आत्ता चला."

"काका, मग तुम्ही आभार कसे मानले?"

धोंडिराम दोन्हीकडून अडकला. खोटं बोललो म्हणावं तर अण्णा आणि भैय्या दोघंही अंगावर येणार, आणि खरं बोललो म्हणावं तर चारी बुजलेली. साहेबांना त्याची दया आली असावी, कारण ते हळू आवाजात म्हणाले, "आता नवीन तक्रार पण घेता येत नाही हो. झालेल्या कामाची तक्रार सिस्टीम घेत नाही."

घरी येताना धोंडिरामला रस्त्यात रडू फुटायचं बाकी होतं. आल्या आल्या त्यानं विळा घेतला आणि डिजिटलाची दोरी कापायला हात घातला. तेवढ्यात दोन्हीकडून कार्यकर्ते धावत आले. तिथं राखण बसली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. अण्णांच्या लोकांना वाटलं हा भैय्यांकडं गेला, भैय्यांच्या लोकांना वाटलं हा अण्णांकडं गेला.

"नेत्याच्या फोटोला विळा लावता काका?" एकानं त्याच्या हातातून विळा काढून घेतला. "उद्या वॉर्डात काय झालं तर जबाबदार कोन?"

"फोटो माझाबी हाय की त्याच्यावर," धोंडिराम म्हणाला. पण त्याच्या फोटोचा विचार कुणी करत नव्हतं.

शुक्रवारी कळलं की रविवारी सकाळी अण्णा ड्रेनेज लाइनचं लोकार्पण करणार आहेत. संध्याकाळी कळलं की भैय्याही रविवारी सकाळीच लोकार्पण करणार आहेत. गल्ली एक, मांडववाला एक, मुहूर्त एक. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी बसून तोड काढली की स्टेज एकच, फीत एक आणि कात्र्या दोन. आता एकच अडचण होती. ज्या लाइनचं लोकार्पण करायचं, ती लाइन चारीत नव्हती, कडेला रचून ठेवलेली होती, आणि चारी उघडी होती. पाहुण्यांसमोर हे बरं दिसलं नसतं.

मांडववाला येऊन बघून गेला. असल्या अडचणी त्याला रोजच्या. "काळजी करू नका," तो म्हणाला. "लोखंडी घोड्यांचे टेकू आत उतरवतो, वर स्टेज टाकतो, वरनं लाल गालिचा. चारी हाय म्हनून कुणाच्या बापाला कळनार न्हाय."

आणि रविवारी पहाटेपासून काम सुरू झालं. नागूबाईनं सवयीनं दार उघडलं आणि ती उभीच राहिली. तिच्या उंबऱ्याला लागून सपाट, भक्कम, लाल रस्ता पसरलेला होता, बाजूला सरकवलेल्या दोन डिजिटलांच्या मधून थेट पलीकडच्या डांबरापर्यंत. तिनं काठी पुढं करून एकदा टोकून बघितलं. हललं नाही. पुन्हा टोकलं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"अवो," तिनं हाक मारली, "बघा की. करायचं म्हनलं तर एका सकाळात हुतंय."

धोंडिराम बाहेर आला. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही, पण त्याच्याबरोबर संतापही आला. एवढे दिवस. एवढे हेलपाटे. लेकीचं बाळंतपण गेलं, बायको घरात कोंडून पडली, आणि घोडे-फळ्या टाकायला ह्यांना अर्धी सकाळ पुरली, तीही चारी लपवायला.

"आवर," तो म्हणाला. "कार्यक्रम सुरू हुयाच्या आत निघू."

पण तसं व्हायचं नव्हतं. तो पिशवी उचलतोय तोवर दोन कार्यकर्त्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. आभार मानणारा नागरिक म्हणजे आजचा सत्कारमूर्ती. त्याला स्टेजवर अण्णा आणि भैय्यांच्या मधल्या खुर्चीत बसवलं. दोघांनी एकेक हात त्याच्या खांद्यावर टाकला, आणि ते हात असे काही पक्के होते की उठायची सोय राहिली नाही. हलगी वाजली, नारळ फुटले, दोन कात्र्या चालल्या आणि एक फीत तीन तुकडे होऊन पडली. मग भाषणं सुरू झाली. अण्णा म्हणाले की शब्द दिला आणि पाळला. भैय्या म्हणाले की पाठपुरावा केला आणि पुरा केला. घड्याळ पुढं सरकत होतं आणि नागूबाई दारात हिरवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती.

भैय्यांचं भाषण संपेना तेव्हा तिनं पाय उचलला आणि सरळ स्टेजवर आली. काठी टेकत, दमानं, स्टेजच्या मधून. निवेदकाला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यानं धावत जाऊन माइक तिच्या तोंडापुढं धरला. "आणि या आहेत प्रत्यक्ष लाभार्थी! मावशी, आज कसं वाटतंय?"

धोंडिरामनं डोळे मिटले. आता ही सांगणार. सांगू दे, एकदाचं होऊन जाऊ दे. त्याच्या खांद्यांवरचे दोन्ही हात घट्ट झाले.

"लई ब्येस वाटतंय," नागूबाई म्हणाली. "दारातनं बाहेर आले. बाबांनो, एवढं काढू नका. हे असंच ठिवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांना वाटलं की मावशी त्यांच्या कामाबद्दल बोलतात, भैय्यांना वाटलं आपल्या. दोघांनी हात जोडले. नागूबाई सगळ्यांकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मी स्टँडवर हाय. तुमी कुलूप लावून या. गाडी थांबायची न्हाय." आणि ईरम्माच्या हाताला धरून स्टेज उतरली. किती महिन्यांनी तिचे पाय डांबराला लागले होते. ती रिक्षात बसेपर्यंत धोंडिराम बघत होता, आणि त्याला वाटलं की झालं ते झालं, आभार फुकट नाही गेले.

त्याचा सत्कार शेवटी झाला. शाल दोन्हीकडून एकेक, नारळ दोन, आणि फोटो किती ते विचारू नका. सुटका झाल्या झाल्या तो घरात पळाला. शाली खाटेवर टाकल्या, खिडकी लावली, चपला पायात सरकवल्या, कुलूप शोधलं. कुलूप नेहमी जिथं असतं तिथं नव्हतं, स्वयंपाकघरातल्या शेंगाचटणीच्या डब्याखाली असणार असं वाटून तो वेळ घालवत बसला आणि शेवटी ते कोनाड्यात सापडलं. बाहेर धडाधड आवाज येत होते. मांडववाल्याला त्याच दिवशी दुसरीकडं हळदीचं स्टेज टाकायचं होतं, आणि तो वेळेचा पक्का माणूस होता.

धोंडिराम दार उघडून बाहेर आला तेव्हा उंबऱ्यापुढं चारी होती. गालिचा नाही, फळ्या नाहीत, घोडे नाहीत. टेम्पो कोपऱ्यावर वळत होता. आणि त्या टेम्पोत, मांडवाच्या फळ्यांबरोबर, त्याची स्वतःची फळीही गेली होती.

त्यानं हाका मारल्या. पण समोर दोन डिजिटलं परत जागेवर उभी होती आणि त्यांच्या पलीकडं सगळा वॉर्ड चौकात नाष्ट्याच्या रांगेत होता. फोन वाजला.

"कुटं हाय तुमी? गाडी लागलीया."

"तू जा," धोंडिराम म्हणाला. पुढं काय सांगावं ते त्याला कळेना. "तू जा नागू. मी येतो मागनं."

मागून जाणं झालं नाही. बिरुदेव फोन उचलेना आणि नाष्टा झाल्यावर उन्हात गल्लीत कुणी फिरकलं नाही. नागूबाईला गाडीत बसवून तशीच कामाला गेलेली ईरम्मा संध्याकाळी परत आली, तिनं आपल्या पलंगाची फळी काढून चारीवर टाकून दिली तेव्हा तो सुटला, पण तोवर माळशिरसला नाव ठेवून झालं होतं. नागूबाईनं मोबाइलवर दाखवलं. सम्यक नाव ठेवलं. कुंची घातलेलं बाळ तिच्या मांडीवर होतं, थिजलेलं नव्हतं, हातपाय हलवत होतं. नागूबाईचं तोंड एवढं फुललेलं धोंडिरामनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"लई गोड हाय ओ," ती म्हणाली. "तुमी असता तर."

"कदी येतीस?"

"कुटनं येऊ? मला आत यायला वाट हाय का? हितं सपाट हाय सगळं. वाट झाली की सांगा, त्याच दिवशी येती."

फोन ठेवून धोंडिराम अंधाऱ्या घरात बसून राहिला. बाहेर दोन डिजिटलांची पाठ, आत दोन शाली. मोबाइलवर सकाळचे फोटो एकामागोमाग येत होते, प्रत्येकात तो दोघांच्या मधे हसत होता. त्याला एकच गोष्ट लख्ख कळली होती. ह्या वॉर्डात चारी बुजत नाही, झाकली जाते, आणि झाकली जाते ती फक्त स्टेज लागलं तर. त्यानं बिरुदेवला फोन लावला.

"बिरुदेव, जवळचा वाढदिवस कुनाचा हाय बे?"

"अन्नांचा दिवाळीत. भैय्यांचा त्याच्याबी पुढं. का ओ मामा?"

"आमच्या गल्लीत स्टेज पायजे. कायबी असू दे."

बिरुदेवनं विचार केला. "आता लगेच म्हनलं तर वाढदिवसात काय न्हाय. निवडीत न्हाय. एक शोकसभा असती तर झाली असती. शोकसभेला दोघंबी येत्यात, बोलवायला लागत न्हाय. स्टेज, गालिचा, समदं आलं. पर त्याला मानूस लागतो मामा."

धोंडिरामनं दाराबाहेर बघितलं. शोकसभा म्हटल्यावर नागूबाईला यावंच लागलं असतं, आणि येताना तिच्या पायाखाली सपाट, लाल, भक्कम वाट असती, थेट उंबऱ्यापर्यंत.

"मानूस हाय," तो म्हणाला. "फोटो तुझ्याकडंच हाय. तू तवा हार काढला हुतास न्हवं का, तेवढा परत घाल."

"आन मामा, मजकूर?"

"मजकूर तू तुझा टाक. फक्त स्टेज दारापतूर घ्यायला सांग."